दाढेची थाप

शिंपीमास्तरांनी सुनेला थाप मारली ती दाढेची. आता मूळव्याध होणं म्हणजे काही चोरी नव्हे. पण बायको जाऊन वर्ष झालेलं, मुलगा नोकरीपायी परगावी, घरात सून आणि तिची तान्ही पोर. असलं बोलायचं तरी कुणाशी? जन्मभर मशीनवर बसून कमावलेलं ते दुखणं घेऊन मास्तर सकाळी एकटेच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मोडाला रबराचं इवलंसं कडं चढवलं आणि थोड्या वेळाने घरी धाडलं.

"थोडं रक्त दिसेल, घाबरू नका," ते म्हणाले. "पण रक्त थांबेना, ताप आला किंवा लघवी अडली, तर तडक फोन करा. लाजत बसू नका."

लाजू नका म्हणे! सांगायला काय जातं?

नेमकी लघवीच अडली. आणि सून बिचारी दाढ समजून सेवेला लागलेली. चावायचे कष्ट नकोत म्हणून सूप, वर दूध, की पुन्हा सूप. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, म्हणून मास्तर निमूट पीत राहिले. बाथरूममध्ये जाऊन जाऊन पाय दुखले, पण थेंब नाही. दिवस कलेपर्यंत ओटीपोट दगडासारखं झालं आणि मास्तरांना दरदरून घाम फुटला.

सून गुळण्यांचं पाणी घेऊन आली ती दारातच थबकली.

"बाबा, दाढेने एवढं होतं होय? गाल तर सुजलेला नाही."

"काही नाही गं. होईल बरं."

तिने पेला खाली ठेवला. "आईसुद्धा 'काही नाही गं' म्हणतच गेल्या, बाबा. आता तुम्ही तरी नका ना असं करू."

भिंतीकडे तोंड करून मास्तरांनी एका दमात सांगून टाकलं, "दाढ नाही. मूळव्याध आहे. बांधून आलोय. आणि सकाळपासून लघवी होत नाही."

"एवढंच? अहो, बाळंतपणानंतर मी तरी काय फुलांवर बसत होते?" असं म्हणत तिने फोन लावलासुद्धा. ताप आहे का, डॉक्टरांनी विचारलं. तिने सासऱ्यांच्या कपाळावर हात ठेवून नाही म्हणून सांगितलं. "टबात कोमट पाणी घालून बसवा, तिथेच होऊ द्या," डॉक्टर म्हणाले. "अर्ध्या तासात नाही झाली तर लगेच आणा, नळी घालावी लागेल. झाली तरी सकाळी दाखवायला या."

टब नातीचा, बदकांच्या चित्रांचा. मास्तर त्यात गुडघे पोटाशी घेऊन कसेबसे मावले. आवाजाची लाज वाटू नये म्हणून सुनेने नळ सोडून ठेवला आणि दार लोटून बाहेर उभी राहिली. वेळ जाता जाईना. गाडी बोलवावी की काय म्हणून तिने फोन पुन्हा हातात घेतला.

तेवढ्यात अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी आरोळी आली, "झाली गं पोरी, झाली!"

"शाब्बास रे माझ्या राजा!" तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग दाराला पाठ टेकून ती जी रडायला लागली, ती मास्तरांनी आतून हाका मारल्या तरी थांबेना.