फटफटीवाल्याची बायको

"म्हाताऱ्या माणसानं पारावर बसावं, देवळात जावं, न्हाईतर गप पडून ऱ्हावं. ह्यांनी मपली बाज घेतली."

चतुराबाई अंगणाच्या मधोमध उभी राहून बोलत होती. ऐकायला नवऱ्याशिवाय कोणी नव्हतं आणि नवरा ऐकत नव्हता. ज्या बाजेवर ती रोज सकाळी गुडघे उन्हाला देऊन बसायची, तिच्यावर आज आख्खी फटफटी पसरली होती. पोत्यावर नट, बोल्ट, चकत्या, साखळी, नळ्या आणि मधोमध गिधाडानं टोचून टाकावं तसं उघडं इंजिन. सटवाजी खाली पाटावर बसून एकेक तुकडा डिझेलमध्ये बुचकळत होता आणि चिंधीनं पुसत होता. चिंधीचा काठ हिरवा होता. चतुराबाईनं तो ओळखला.

"ते मपलं लुगडं हाय."

"जुनं व्हतं."

"मी बी जुनीच हाय. मला बी फाडा अन् पुसा."

सटवाजीनं पुढचा बोल्ट डिझेलमध्ये बुचकळला. त्र्याहत्तरी ओलांडलेला माणूस. वर्षभरापासून दोन्ही हातांना कंप सुटलेला, चहाची कपबशी वाजायची. अशा हातांनी त्यानं दिवाळीनंतर हिंगोलीच्या एका भंगारवाल्याकडून ही फौजेची जुनी बुलेट टेम्पोत घालून आपल्या गावी, साखऱ्याला, आणली होती. गाडी लिलावात निघून कधीची गंजत पडलेली. टायर नाहीत, सीट नाही, सायलेन्सरात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं. फक्त टाकीवर कुठंकुठं फौजेचा हिरवा रंग शिल्लक होता आणि पांढऱ्या आकड्यांची दोन-तीन चिन्हं. ती गाडी दारात उतरली तेव्हा सटवाजी तिच्याकडं अशा नजरेनं बघत होता, जशी नजर चतुराबाईच्या वाट्याला लग्नातसुद्धा आली नव्हती.

त्याला त्यातलं काही येत नव्हतं, हे पहिल्या आठवड्यातच दिसलं. चुकीच्या मापाचा पाना लावून त्यानं तीन नटांचे कोपरे गोल केले. एक बोल्ट जोर लावून मुंडक्यापासून तोडला आणि दिवसभर जेवला नाही. पुढं मात्र त्यानं धीर धरला. गंजलेल्या जागी रोज संध्याकाळी डिझेल सोडायचं, सकाळी हलवून बघायचं, नाही हललं तर पुन्हा डिझेल. काढलेला प्रत्येक तुकडा तो सुपात घेऊन, डाळ निवडावी तसा बोटानं बाजूला सारायचा. लहान इकडं, मोठे तिकडं. चतुराबाईला त्या बोटांचं नवल वाटायचं, पण नवल बोलून दाखवायची तिला सवय नव्हती.

शेजारची रुपा एकदा भिंतीवरून म्हणाली, "आजी, आजोबा फौजेत हीच गाडी चालवत व्हते ना? मग त्यायला खोलता कशी येऊन न्हाई राहिली?"

"चालवणारा येगळा, दुरुस्ती करणारा येगळा," चतुराबाई फटकन म्हणाली. "तुझा नवरा रोज ट्रॅक्टर चालवतो, त्याला येतं का खोलता? सव्वीस जानेवारीला बघ. झेंड्याला याच गाडीवर येतील हे. सरपंचाला सांगून टाकलंय मी."

सांगितलं होतं खरंच. चावडीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आणि का सांगू नये? अठ्ठेचाळीस वर्षं ती या गावात फटफटीवाल्याची बायको म्हणून वावरली होती. दोन बुकं शिकलेली, सही करताना जीभ बाहेर काढणारी बाई. पण पाणवठ्यावर, लग्नात, बारशात तिचा मान पहिला. ओसरीवर फोटो होता: तरणा सटवाजी, खाकी कपड्यात, फौजेच्या बुलेटवर बसलेला, एक पाय जमिनीवर. हाच फोटो बघून तिच्या बापानं बैठकीत होकार दिला. जावई सायबाचे कागद घेऊन फटफटीवर डोंगरातून जातो, गोळ्या सुटत असताना जातो, हे बापानं चार गावांत सांगितलं आणि चतुराबाईनं पुढची चाळीस गावं पुरी केली. सटवाजी स्वतः फारसं बोलायचा नाही. शूर माणसं बोलत नाहीत, असं ती म्हणायची.

जुने टायर आणि सीट मिळवून बसवल्यावर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी गाडीसारखी दिसायला लागली. सटवाजीनं टाकीला हिरवा रंग दिला. हात कापत असल्यानं त्यात लाटा उठल्या होत्या, पण हिरवा होता. मग त्यानं नरसी फाट्यावरच्या गॅरेजवाल्या बाबूसिंगला निरोप धाडला. बाबूसिंग तांड्यावरचा, पन्नाशीचा, बापापासून जुन्या गाड्यांत वाढलेला. आला, गाडीभोवती दोनदा फिरला, उकिडवा बसला.

"काका, कार्बोरेटर तुमी सोता बसवलं?"

"व्हय."

"अन् ह्या टायमिंगच्या खुणा?"

"काढताना पेन्सिलीनं कागदावर चित्र काढलं व्हतं. तसंच बसवलं."

बाबूसिंगनं मान हलवली. "माह्याकडं दोन वरसं शिकलेली पोरं असं बसवत न्हाईत. मावशी, काकाचा हात हाय कामात."

"हात हाय म्हनूनच कापतो," चतुराबाई म्हणाली; पण पदर नीट करून ती पायरीवर बसली.

बाबूसिंगनं प्लग साफ केला, पॉइंट घासले, क्लचची तार बोटानं वाजवून बघितली आणि ताणून घट्ट केली. नवं पेट्रोल घातलं. मग किक. एक, दोन, पाच. सटवाजी भिंतीला टेकून उभा होता, ओठ घट्ट मिटून. सातव्या की आठव्या किकला गाडी खोकली, काळा धूर टाकला आणि धडधडायला लागली. बाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. रुपा मोबाइल वर धरून धावत आली. चतुराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "धूर बघा केवढा करून राहिली," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

"बसा काका," बाबूसिंग म्हणाला. "गल्लीच्या टोकापर्यंत येक चक्कर. तुमचाच मान हाय."

सटवाजी बसला. फोटोतल्यासारखा एक पाय जमिनीवर. डाव्या हातानं त्यानं क्लच दाबला. मग डावा पाय उचलून गियर शोधला, खाली दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. गाडी जागच्या जागी गुरगुरत राहिली. त्यानं खाली वाकून बघितलं, तिसऱ्यांदा दाबलं.

बाबूसिंग त्या डाव्या पायाकडं बघत होता. मग एकदम पुढं होऊन त्यानं गाडी बंद केली.

"क्लचची तार ढिली हाय काका. आज नको."

"अय, काहून बंद केली?" रुपा म्हणाली. "मी शूटिंग करून राहिले व्हते."

"तार ढिली हाय ताई. धोका हाय."

माणसं पांगली. सटवाजी गाडीवरून उतरला आणि कोणाकडं न बघता घरात गेला. बाबूसिंगनं चहा घेतला नाही. पाने गोळा करून तो लिंबाखाली लावलेल्या आपल्या गाडीकडं निघाला, तशी चतुराबाई त्याच्या मागं गेली.

"बाबूसिंग, तार ढिली न्हाई. माह्यासमोर ताणली तू."

"मावशी, जाऊ द्या."

"मी अडाणी हाय, आंधळी न्हाई. काय झालं ते सांग."

बाबूसिंगनं पाने पिशवीत घातले, काढले, पुन्हा घातले. "ह्या जुन्या बुलेटला गेर उजव्या पायात असतो. डाव्यात बिरेक. आताच्या गाड्यायचं उलटं."

"मंग इसरले असतील. किती साल झाले."

"व्हय व्हय. इसरले असतील."

तो फार लवकर हो म्हणाला. चतुराबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. "तू इसरशील?"

बाबूसिंगनं पिशवी हँडलला अडकवली. "असली गाडी धा वरसं झाली मी चालवली न्हाई, मावशी. पर बसलो की पाय आपसूक जातो. डोक्याला इचारत न्हाई तो." मग खालच्या आवाजात म्हणाला, "गाडी काकानं लई बराबर बसवली. ते मातर खरं हाय. कोणाला बी सांगीन मी."

चतुराबाई घरात आली. सटवाजी आतल्या खोलीत बाजूला तोंड करून बसला होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले.

"कोण व्हते तुमी फौजेत?"

तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही, उभी राहिली. तिचं उभं राहणं तो अठ्ठेचाळीस वर्षं ओळखत होता.

"लंगरात," तो म्हणाला. "सतरा वर्षं. पहाटं तीनला उठून दीडशे जणाच्या रोट्या."

"अन् फोटो?"

"गाडी धुऊन उन्हाला लावलेली व्हती. फोटोवाला आला व्हता. म्हनला, बस. बसलो."

"सांगायला तोंड व्हतं ना?"

"तुझ्या बापानं फोटो बघून आपल्या मनानंच ठरवलं सगळं. म्हनलं, लगीन झालं की सांगू. पहिल्या सुट्टीला सांगायच्या इचारानंच आलो व्हतो. आलो त्या आठवड्यात जनकाचं लगीन झालं."

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. जनकाबाई तिची धाकटी बहीण. डोंगरकडा गावात दिली, एका वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्याला. भर मांडवात, पंगत बसलेली असताना, चतुराबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, "भाकरी थापणाऱ्या गड्याच्या गळ्यात बांधली माय माझी बहीण. धोतराऐवजी पातळ घ्यायला पाहिजे व्हतं जावयाला." लोक हसले होते. जनकाचा नवरा जेवता जेवता खाली बघत राहिला होता. त्या दिवसापासून जनका या दारात आली नाही. नवरा वारला तेव्हासुद्धा तिनं निरोप धाडला नाही.

सटवाजीही त्या पंगतीत बसला होता. चतुराबाईला ते आता दिसलं.

"मंग आत्ता ही फटफटी कशापायी?"

"वाटलं, मरायच्या आधी येकदा तरी खरं करावं. शिकावं. तुला मागं बसवून नरसीला न्यावं, नामदेवाच्या पाया पडून यावं." त्यानं हात बाहेर काढून बघितले. "चालवायला बी शिकायचं व्हतं, ते ध्यानातच आलं न्हाई. जोडली की चालंल असं वाटलं."

उन्हं कलली. दोघांचं जेवण राहिलं होतं. चतुराबाई स्वयंपाकघरात गेली, गव्हाचं पीठ काढलं, चुलीत जाळ केला. मग उठून बाजूला झाली.

"या. बसा हितं."

सटवाजी उंबऱ्यात थांबला. या घरात तो चुलीपुढं कधी बसला नव्हता. पाण्याचा तांब्यासुद्धा बाहेर मागून घ्यायचा. मग आला, बसला. पिठात पाणी ओतताना त्यानं मापलं नाही. पोळपाट-लाटणं बाजूला सारलं. गोळा दोन्ही तळव्यांत घेऊन, एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकत थापू लागला. चतुराबाईनं अशी रोटी कधी करून बघितली नव्हती. पण त्याचे हात कापत होते. रोटी एका बाजूनं पातळ, एका बाजूनं जाड झाली, तव्यावर पडताना दुमडली आणि फाटली. त्यानं ती उलथली, निखाऱ्यावर धरली, ताटात ठेवली. फाटलेली बाजू स्वतःकडं वळवली.

चतुराबाईनं ताट फिरवून फाटकी बाजू आपल्याकडं घेतली. भिंतीला टेकून, नुसतीच, मीठ लावून खाल्ली. सगळी खाल्ली. तो वाट बघत होता. पुढचा गोळा त्याच्या हातात तसाच राहिला.

"गाडी सव्वीस तारखेला बाबूसिंग चालवंल," ती म्हणाली. "नीट तुमी केली, हे मी सांगीन. ते खरं हाय, त्याला कोणाचा बाप खोटं म्हनू शकत न्हाई. अन् फटफटीवर गोळ्यातून गेले, हे सांगितलं माझ्या बापानं अन् वाढवलं मी. त्या खोट्यात अर्धा वाटा मपला, जनकाच्या दारात जाऊन तो मी फेडीन. पर दुसऱ्या बाळंतपणात तापानं फणफणत असताना चुलीपुढं बसून मी तुमच्यासाठी भाकरी थापल्या अन् तुमी उंबऱ्यात उभे राहून बघितलं. दीडशे जणाला गरम वाढणारे हात व्हते तुमचे, अन् तुमी ते माह्यापासून लपवले. ते मातर तुमचं एकट्याचं हाय."