जात्याच्या घरघरीत

एस.टी.च्या जळगाव डेपोत चुडामण मिस्त्रीच्या कानाचं मोठं नाव होतं. गाडी फाटकातून वळली की तो नुसती मान तिरपी करायचा आणि सांगायचा, "तिसऱ्या सिलिंडरला धाप लागली." बॉनेट उघडलं की तसंच निघायचं. असा माणूस हेडफोन घ्यायला आला, तेव्हा दुकानदार मोतीलालने कपाळाला हात लावला.

"चुडामणभाऊ, अर्धा तास झाला. लेकीला नवरदेव पाहिला, तेव्हा तरी एवढा वेळ लावला होता का?"

"नवरदेव टोचला तर ती मला पत्र लिहील, शेठ. हा विमानात टोचला तर कोणाला सांगेल?"

लेक म्हणजे पुष्पा. वैशाखात तिचं लग्न झालं, जावई पुढे अमेरिकेला गेला आणि तिचा व्हिसा येईतो दुसरा वैशाख उजाडला. येत्या गुरुवारी ती एकटी निघायची होती. चोवीस तासांचा प्रवास. नवऱ्याने धाडलेल्या वॉकमनच्या हेडफोनचा स्पंज केव्हाच झडला होता, उघडी पट्टी कानाला लागायची. "आबा, मला गाणीबिणी नकोत," ती म्हणाली होती, "मायची कॅसेट ऐकत जाईन. कानाला मऊ लागेल असं काहीतरी आणा."

मायची कॅसेट एकुलती एक. पुष्पाची हळद दळायला धुरपदाबाई जात्यावर बसली, तेव्हा चुडामणनेच टेपरेकॉर्डर जवळ ठेवून ती भरली होती. हळद लागली, लेक सासरी गेली, आणि मार्गशीर्षात धुरपदाबाईच निघून गेली. छाती पार पोखरली होती. "सहा महिने आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले होते.

तीच कॅसेट लावून चुडामण एकेक हेडफोन पारखत होता. पहिला हलका, पण कानशिलं आवळणारा; त्यातून बायको विहिरीच्या तळातून गात असावी तसा आवाज यायचा. मग मोतीलालने कपाटातून जाड गाद्यांचा काढला. "हा बघा. उशीवर डोकं ठेवल्यागत."

चुडामणने तो चढवला. रस्त्यावरचे टेम्पो, रिक्षा सगळं विझलं. धुरपदाबाई अगदी कानाशी येऊन बसली.

*हयद दयस मी माय, जातं घरघर बोलस,*
*लेक चालनी सासरे, जीव तिना मांगे डोलस.*

ओवी संपली, जातं मंदावलं. घरच्या टेपवर इथे नुसती खरखर नि बायांचा गलका असायचा. आज त्याच्या तळाशी एक श्वास ऐकू आला. फाटका. आत जाताना शीळ, बाहेर येताना घरघर. मग तिची धाकटी बहीण नर्मदाबाई, अगदी हळू: "अक्का, दम लागना तुले. भाऊजीस्ले सांगू का?"

"नको व माय. पोरनं लगीन व्हई जाऊ दे. तेस्ना कान भलता तिखा शेत, म्हनीसन तं मी जातंवर बठस. याना आवाजमा मना खोकला दपी जास."

आणि खोकला दडवायला जातं पुन्हा फिरू लागलं.

"काय भाऊ, बसला का?" मोतीलालने विचारलं.

"बसला."

"बांधू मग?"

"नको. तो पहिला द्या."

"अहो, तो कान खातो म्हणालात ना!"

"तोच द्या."

वर ढगात, अनोळखी माणसांत पोर हे ऐकेल. खांद्यावर हात ठेवायला कोणी नसेल. माय माझ्या लग्नापायी गेली, हा धोंडा उरावर घेऊन परमुलखात उतरेल. त्यापेक्षा कान दुखलेले बरे, असा हिशेब त्याने मनाशी केला आणि घर गाठलं.

पुष्पाने बॅग भरता भरता हेडफोन लावून पाहिला. घटकाभराने काढला, तर पाळ्या लालबुंद. ती हसली. आईसारखी, मान खाली घालून. "काय हो आबा! एवढी इंजिनं कानाने ओळखता, आणि घरच्या माणसाला कुठे दुखतं ते कळत नाही?"

चुडामणने तिच्या हातून हेडफोन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पुष्पा मैत्रिणींना भेटायला गेली, तेव्हा त्याने टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला. ती जागा काढली. लाल बटण दाबलं की ते बोलणं पुसलं. पाच-सहा श्वासांचं तर काम. बोट बटणावर ठेवून तो किती वेळ बसला कोण जाणे. तिने जन्माचं दडवलं. आता आपणही तेच करायचं? बोट उचललं, सायकल काढली आणि मोतीलालकडून गाद्यांचा हेडफोन बदलून आणला.

गुरुवारी धुळ्याहून दीर जीप घेऊन आला. पुष्पा म्हणाली, "आबा, विमानापर्यंत तरी चला."

"नको माय. विमान उडतानाचा आवाज माझ्याने ऐकवणार नाही." मग हेडफोन तिच्या हातात देत तो म्हणाला, "ओवी संपून जातं मंदावतं ना, तिथे तुझी माय बोलते. घरच्या टेपवर ते कधी ऐकू आलं नव्हतं."

"काय बोलते?"

"तू ऐकशील. फक्त एक ध्यानात ठेव. दोष तुझ्या लग्नाचा नाही. तिच्याजवळ होते ते कान माझे."

पुष्पाला काय कळलं, किती कळलं, देव जाणे. तिने वाकून पायांना हात लावला, मग उठून त्याचे दोन्ही कान आपल्या तळव्यांत धरले, लहानपणी धरायची तसे. दिराने हॉर्न दिला.

जीप वळणाआड गेली तरी चुडामण इंजिन ऐकत उभा होता. दुसरा गिअर, तिसरा, मग काही नाही.

घरात जातं कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं. रिकामं जातं फिरवू नये, असं धुरपदाबाई सांगायची. त्याने डब्यातून ओंजळभर ज्वारी आणली, जात्याच्या तोंडात सोडली, मांडी घालून बसला आणि खुंटा धरला.

भिंतीपलीकडून सुनंदाबाई ओरडली, "मिस्त्रीभाऊ, भर दुपारना दळण मांडं? गिरणी बंद शे का?"

त्याने मान खाली घालून खुंटा आणखी जोरात ओढला. जातं घरघरत राहिलं, आणि त्या घरघरीत सुनंदाबाईला दुसरं काहीच ऐकू गेलं नाही.