अंदमानला न्यायचं पाणी

“काकू, एक रद्द करू का दोन्ही?” मलप्पानं विचारलं आणि कपबशी खाली ठेवली.

मलप्पा आमच्या गल्लीतला सहलवाला. लातूरची माणसं गोळा करायचा आणि हैदराबादेहून विमानात बसवून अंदमानला न्यायचा. आमची दोघांची तिकिटं त्यानंच काढली होती.

“थांब जरा,” मी म्हणाले.

“थांबायला येळ कुठंय काकू? पुढच्या आठवड्यात निघायचंय.”

शेजारची भामाबाई उंबऱ्यात बसली होती. ती फणकारली. “अरे, माणूस जाऊन महिना न्हाई झाला आन् तू सहल काय घेऊन बसलास?”

खरं सांगते, मला रडूच येत नव्हतं. स्वयंपाक करत होते, जेवत होते, झोपही लागत होती. लोक म्हणत, शिवकांता धीराची. कसला धीर आणि कसलं काय! दात काढल्यावर गाल बधिर होतो ना, तशी मी सगळीच झाले होते. त्याचीच भीती वाटत होती.

अंदमानचं खूळ ह्यांचं. जन्मभर एसटीत ड्रायव्हर. अख्ख्या मराठवाड्याला देवदर्शन घडवलं. लातूर जिल्हा झाला त्या वर्षी आमचं लग्न झालं, तेव्हा ऐटीत म्हणाले होते, “आता आपण जिल्ह्याची माणसं. कुठंबी जाऊ.” गेलो कुठं? माहूरला. तेही ह्यांच्याच ड्युटीच्या गाडीनं. हे पुढं स्टिअरिंगवर आणि मी नवी नवरी मागं खिडकीतून उलट्या करतेय. झालं आमचं फिरणं.

रिटायर झाल्यावर न्हाव्याच्या दुकानात निळ्या समुद्राचं कॅलेंडर बघितलं आणि ते डोक्यातच बसलं. बरं, वर्ष तरी कोणतं निवडावं! नळ कधीचे बंद, टँकर आला तर आला, आणि लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. भामाबाई पोट धरून हसली होती. “आमच्याकडं पाणी रेल्वेनं यायलंय, आन् अण्णाराव इमानानं पाणी बघाया निघालेत!”

“बघू तर द्या की,” हे म्हणाले. “हंडा घेऊन न्हाई जायलो.”

हंडा नाही, पण कॅन निघालाच. त्या उन्हाळ्यात रीतच पडली होती. लग्नाला जा, बारशाला जा, पाहुण्यानं आपलं पिण्याचं पाणी आपण न्यायचं. दुसऱ्याच्या घरी पाण्याचा भार टाकायचा नाही. ह्यांनी तीच रीत अंदमानला लावली. पाच लिटरचा कॅन स्वच्छ धुऊन कॉटखाली ठेवला आणि आपल्या वाट्याचा एकेक पेला रोज त्यात ओतायला लागले.

“अवो, तिकडं हाटेल हाय,” मी म्हणायचे.

“चारीकडं खारं पाणी, शिवकांता. त्यांनाच प्यायला किती असंल? वरून आपण जाऊन त्यांचं प्यायचं व्हय?”

मी कपाळावर हात मारून घ्यायचे.

कॅन गळ्यापर्यंत भरला आणि एका सकाळी हे गेले. चहाचा एक घोट घेतला होता. दुसरा घेतलाच नाही.

शेवटच्या आंघोळीपुरतं पाणी घरात नव्हतं. मग घराघरांतून एकेक तांब्या आला. लोक दारात ठेवून गेले. तरी पाणी कमी पडतंय म्हणून भामाबाईनं कॉटखालचा कॅन ओढला. मी तिचा हात धरला.

“त्यो न्हाई. त्यो अंदमानचा हाय.”

बायका बघतच राहिल्या. हिचं डोकं फिरलं म्हणाल्या असतील. म्हणू देत.

मलप्पा अजून वाट बघत होता. नांदेडहून लेकीचा, शिवकन्येचा फोन सकाळीच येऊन गेला होता. “आई, दोन्ही रद्द कर, लोक काय म्हणतील?” लोक काय, म्हणतातच.

“एकच रद्द कर,” मी मलप्पाला म्हणाले. “आन् इमानात पाच लिटर पाणी न्यायला चालतंय का?”

“काकू, तिकडं पाहिजे तेवढं पाणी—”

“चालतंय का ते सांग.”

“सामानात टाकलं तर चालतंय,” तो खाली बघत म्हणाला.

भामाबाई पदर झटकून उठली आणि निघून गेली. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी बोललीच नाही.

निघायच्या दिवशी नेमका टँकर आला. तोही असा मेला मुहूर्त बघूनच यायचा! गल्लीत ड्रमांची रांग लागली. अदलाबदल नको म्हणून प्रत्येकानं आपल्या ड्रमवर नाव रंगवलेलं. आमच्या निळ्या ड्रमवर ह्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहिलं होतं. टँकरवाला नाव वाचून हाक मारायचा, माणसानं ओ दिली की पाइप सोडायचा. ओ आली नाही तर ड्रम रांगेबाहेर.

रिक्षा दारात उभी. मी एका हातात पिशवी, एका हातात कॅन घेऊन बाहेर आले.

“अण्णाराव!” टँकरवाला ओरडला.

रांगेतली माणसं माझ्याकडं बघायला लागली.

“अण्णाराव हाय का न्हाई?”

“हाय!” भामाबाई ओरडली. “दिसत न्हाई व्हय ड्रम? भर मुकाट्यानं.” मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “तू जा गं. पाणी मी आत ठेवते.”

मी रिक्षात बसले. कॅन शेजारी ठेवला आणि पडू नये म्हणून त्याच्यावर हात टाकला.

“मावशी, खाली ठेवा की त्यो,” रिक्षावाला म्हणाला. “शीटवर कशाला?”

“असू दे बाबा,” मी म्हणाले. “माहूरला जाताना मागं एकटीच बसले होते मी.”