तेराव्या भागातला अश्मक

…'जि.' उमटला, पण 'लातूर'मधला 'र' याही वेळी अर्धाच उमटला. शाई कमी पडली असेल, किंवा रबरच झिजलं असेल. महादेवीनं शिक्का उलटा करून अक्षरांत साचलेली घाण नखानं काढली, पॅडवर दोनदा दाबला आणि पुन्हा पुस्तकाच्या पहिल्या पानावर ठेवून हाताचा भार दिला. 'सहस्रकोट' कादंबरी, भाग तेरावा, शेवटचा. प्रत दुसरी. पहिली प्रत एवढ्यांनी मागितली होती की वाचनालयाच्या मंडळाला निमूटपणे दुसरी घ्यावी लागली. आणि ती पहिली प्रत कुठं आहे हे कुणी विचारू नये, कारण चार घरं फिरून आल्यावर ती आता आपल्या घरी आहे, खाटेच्या उशाशी, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली…

कपाटातल्या जुन्या भागांवर जुना शिक्का होता, जि. उस्मानाबाद. मध्येच कुठंतरी जिल्हा नवा झाला, शहरात कचेऱ्या आल्या, साहेब आले, कोर्ट आलं, आणि सहस्रकोटाची राणी मात्र अजून त्याच वेढ्यात अडकलेली होती. पहिले सात भाग तिच्या नवऱ्यानं, शिवमूर्ती सरांनी, स्वतः वाचले होते. शाळेतून आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि मोठ्यानं वाचायला बसायचे. ती भाकरी थापत ऐकायची, किंवा ऐकत नसायची, कारण चुलीपुढं बसलेल्या बाईला रथांच्या चाकांचं वर्णन कशाला हवं… तरी अश्मक आला की तिचा हात थांबायचा. म्हातारा सारथी. राजाराण्यांना तोंडावर बोलणारा, घोड्यांशी मात्र हळू आवाजात बोलणारा. शिवमूर्ती त्याचं बोलणं वाचताना आवाज खर्जात न्यायचे, आणि तो आवाज इतका खरा वाटायचा, की ती मनातल्या मनात अश्मकाला नवऱ्याचाच चेहरा द्यायची.

मग काचबिंदू. सोलापूरच्या डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं. आठव्या भागापासून वाचायचं काम तिच्याकडं आलं.

दुपारी चारच्या सुमाराला लांब टेबलाभोवती नेहमीची मंडळी जमली. पंखा वर गरगरत होता आणि गरम वाराच खाली ढकलत होता. गुरुपादप्पा गंजबाजारात आडतीचं दुकान चालवायचे; पण पाऊस नाही, माल नाही, म्हणून या वर्षी त्यांचा वेळ वाचनालयातच जायचा. समोर वकील शेषेराव, नांदेडहून इथल्या नव्या कोर्टात आलेले. आणि खिडकीशी कन्याशाळेच्या कस्तुराबाई.

"लेखक म्हातारा झाला, दुसरं काही न्हाई," गुरुपादप्पा म्हणाले. "खिंडीत धुकं पडलं, अश्मक पखाल घेऊन पाण्याला गेला. बरं, गेला. पुढं अर्धं पुस्तक हाय, त्यात त्याचं नाव न्हाई. रथ दुसराच हाकून राहिला. ह्याला काय म्हणायचं? विसरला त्यो. सातव्या भागापतोर काय लिहीत होता, आन् नंतर नुसती लांबण."

"विसरला न्हाई हो," शेषेराव शांतपणे म्हणाले. "मुद्दाम केलंय. माणूस जातो आन् येत न्हाई. बाकीच्यांना पुढं जावंच लागतं. मला तर हा भाग सगळ्यात आवडला."

"तुम्हाला आवडंलच," कस्तुराबाई म्हणाल्या. "बारा भाग ज्यानं रथ हाकला, त्याच्यासाठी राणीनं एकदा मागं वळून बघू नये? एकदा? मेला म्हणून लिहिलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. हे असं अधांतरी ठेवायचं म्हंजे काय?"

"तेच तर," शेषेराव म्हणाले.

"तेच तर काय?"

महादेवी रजिस्टरात मान घालून बसली होती. हे बोलणं गेले कित्येक दिवस चाललं होतं, रोज तेच, आणि रोज ते चालू झालं की ती झालेलीच नोंद पुन्हा तपासायला घ्यायची. सातव्या भागापर्यंत चांगलं, नंतर लांबण. गुरुपादप्पांना काय ठाऊक, की सातव्या भागापर्यंत कुणाचा आवाज होता आणि आठव्यापासून कुणाचा… पुस्तक फिकं पडलं, की माझं वाचन फिकं पडलं? घरी शिवमूर्ती ऐकायचे, मान हलवायचे, 'बस आज एवढं' म्हणायचे. आवडलं का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही. विचारण्यासारखी गोष्टच नव्हती ती. आणि तरी गेली पाच वर्षं ती एवढ्या एकाच गोष्टीची वाट बघत होती असं तिला आत्ता, या गरम वाऱ्यात, अचानक वाटलं.

"बाई, तुम्ही सांगा," शेषेरावांनी तिच्याकडं बघितलं. "तुम्ही काय म्हणता? लेखक विसरला का?"

"माझं अजून वाचून झालं न्हाई."

झालं होतं. दोनदा. पुढं त्याचं नाव कुठंतरी असेल, निदान एखाद्या घोड्याला त्याची आठवण येत असेल, म्हणून ती एकेक ओळ बोटानं शोधत गेली होती. नव्हतं.

"सर कुठवर आले, वैनी?" गुरुपादप्पांनी विचारलं.

"खिंडीच्या थोडं पुढं."

"मग उद्या रविवार हाय, येतो सकाळी. सरांनीच निकाल द्यावा. त्यांच्या शब्दाच्या पुढं मी जाणार न्हाई. त्यांना म्हणावं, बघा सर, तुमच्या अश्मकाचं काय करून ठेवलं ह्या माणसानं."

त्यांना सांगू नका — हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. पण मग ते विचारणार, का हो? आणि त्याचं उत्तर काय द्यायचं? की रोज संध्याकाळी पुस्तक उघडायच्या आधी ते एकच विचारतात, 'आज अश्मक येतो का बघ,' आणि मी रोज म्हणते, 'येईल.' लहान पोराला सांगावं तसं. हे सांगितलं तर गुरुपादप्पा हसणार नाहीत, समजून घेतील, आणि तेच नको होतं. चार माणसांनी आपल्या नवऱ्याला समजून घ्यावं, त्याच्याशी जपून बोलावं… नको.

"या," ती म्हणाली. "सकाळी घरीच असतात."

वाचनालयाला कुलूप लावून ती निघाली तेव्हा ऊन उतरलेलं होतं, पण डांबर अजून चपलेला चिकटत होतं. वाटेत एका सरकारी कचेरीच्या फाटकावर रंगारी पाटी रंगवत होता, जुन्या जिल्ह्याच्या नावावर पांढरा हात देऊन झाला होता आणि खालची अक्षरं अजून पुसट दिसत होती. सांगून टाकावं. आज संध्याकाळी बसल्याबसल्या, पुस्तक न उघडता. अहो, अश्मक येत नाही. शेवटपर्यंत येत नाही. ते काय म्हणतील? नुसतं 'असं का' म्हणतील. आणि मग पुस्तकाचं उरलेलं जाड अर्धं त्यांच्या-तिच्यामध्ये तसंच पडून राहील, आणि ते संपल्यावर… हा शेवटचा भाग. चौदावा नाही. पुढच्या उन्हाळ्यात संध्याकाळी आम्ही दोघं बोलणार काय? टँकरच्या पाण्यावर?

गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता. शेजारची पार्वतम्मा ओरडली, "महादेवी, तुझी घागर लावलीया मी, ये बिगी!" ती पदर खोचून धावली. बायकांच्या खांद्यांतून, ओल्या कोपरांतून, पाइपाच्या तोंडापर्यंत. कुणाच्या तरी कळशीला तिची घागर घासली, शब्दाला शब्द झाले, आणि त्या सगळ्या गलक्यात तिच्या डोक्यात खिंड होती, धुकं होतं, आणि पखाल खांद्यावर टाकून खाली उतरणारा एक म्हातारा होता, ज्याला झरा सापडला की नाही हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. घागर भरली. पार्वतम्मानं हात देऊन ती तिच्या डोक्यावर चढवली. "ध्यान कुठं हाय तुझं?" ती म्हणाली. "सगळं पाणी अंगावर घेतलीस की."

शिवमूर्ती ओसरीवर बसले होते. पूजा झालेली, कपाळावर विभूतीचे पट्टे थोडे वाकडे. पूर्वी ती सरळ करायची, आता करत नव्हती, कारण तिचं बोट लागलं की त्यांना आपलं चुकल्याचं कळायचं.

"मिळालं का पाणी?"

"मिळालं. घागरभर."

"बस झालं मग. गुरुपादप्पा आला होता का आज?"

"आले होते." तिनं घागर ठेवली. "उद्या सकाळी येतो म्हणालेत."

"येऊ दे. भांडायलाच येत असंल." ते किंचित हसले. मग नेहमीसारखे खांबाला टेकले, दोन्ही हात मांडीवर ठेवले. "वाच. आज अश्मक येतो का बघ."

येईल, असं ती म्हणाली नाही. तिनं खूण शोधली, पुस्तक मांडीवर घेतलं. उजेड अजून पुष्कळ होता. सैन्य खिंड ओलांडून माळावर आलं होतं, राणी तंबूच्या दाराशी उभी होती, कुणी दूत येणार होता. ती वाचत गेली. उजव्या पानाच्या तळाशी वाक्य होतं, 'रथ पुढे निघाला,' आणि ते तिनं वाचलं, आणि पान उलटण्याआधी ती थांबली… आता सांगून टाक. आत्ता. तिनं तोंड उघडलं.

"'…तेव्हा मागच्या धुक्यातून कुणीतरी हाक दिली,'" महादेवी म्हणाली. "'घोड्यांनी आधी ओळखली. डावीकडचा घोडा जागच्या जागी थांबला आणि नव्या सारथ्यानं कितीही लगाम ओढला तरी हलेना.'"

शिवमूर्ती खांबापासून किंचित पुढं सरकले.

हे मी काय करते आहे. पण तोंड थांबत नव्हतं. तिनं पान उलटलं, खरंच उलटलं, आवाज व्हावा म्हणून. "'राणी मागे वळली. धुक्यातून आधी पखाल दिसली, मग खांदा, मग तो. त्याच्या पायांत वहाणा नव्हत्या. कुणी काही विचारलं नाही. अश्मकानं नव्या सारथ्याच्या हातातून लगाम घेतला आणि घोड्याच्या कानाशी तोंड नेऊन…'" आणि इथं, तिला कळायच्या आत, तिचा आवाज खाली गेला, खर्जात, चुलीपाशी ऐकलेल्या त्या जुन्या खर्जात, "'…म्हणाला, चल बाबा, लई उशीर झाला.'"

गल्लीत टँकर सुरू होऊन निघून गेला. त्याची घरघर कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिली.

अश्मक कधी 'लई' म्हणायचा नाही. बारा भागांत एकदाही नाही. हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

शिवमूर्तींनी हात पुढं केला. तिनं पुस्तक दिलं. त्यांनी उघड्या पानावरून तळवा फिरवला, सावकाश, भिंत चाचपावी तसा. मग उरलेल्या पानांची जाडी दोन बोटांत धरून बघितली आणि पुस्तक परत दिलं.

"अजून बरंच हाय," ते म्हणाले.

"हाव."

"खरं सांगू? आठव्या भागापासनं मला वाटत होतं, ह्या माणसाचं मन उडालंय. लिहायचं म्हणून लिहून राहिला." त्यांनी तोंड तिच्याकडं वळवलं. "आज पहिल्यांदा ऐकावं वाटलं."

ती पुस्तकाकडं बघत राहिली. आठव्यापासून… म्हणजे गुरुपादप्पांचंच खरं. म्हणजे एवढी वर्षं आपण वाचत होतो आणि ते नुसते बसून होते, आपल्यासाठी. एवढी वर्षं, आणि आजची ही एक संध्याकाळ. आतून कुठंतरी एकदम दुखलं, आणि त्याच जागी, त्या दुखण्याला खेटून, लाज वाटावी असं काहीतरी सुखाचंही हललं. दोन्ही वेगळं करता येईना.

"एवढे दिवस कुठं होता म्हणं त्यो?" त्यांनी विचारलं.

"ते… पुढच्या प्रकरणात असंल."

"असंल." त्यांनी मान खांबाला टेकवली. "उद्या गुरुपादप्पाला सांगतो. बघ म्हणावं, आला का न्हाई."

आता सांगायला हवं होतं. गुरुपादप्पा सकाळी येणार, बसायच्या आधीच ओरडणार, आणि मग शिवमूर्तींचा चेहरा कुणाकडं वळेल… की त्यांना आत्ताच ठाऊक आहे? तळवा पानावर फिरला तेव्हाच? तिनं त्यांच्याकडं बघितलं. विभूतीचे वाकडे पट्टे, मिटलेले डोळे, ओठांच्या कडेला काहीतरी, ते हसू होतं की नुसती उन्हाची तिरीप, तिला ओळखू येईना. अहो, एवढा एक शब्द तिच्या तोंडाशी आला.

"वाच की," ते म्हणाले.

तिनं पुस्तकात डोळे घातले. समोर दूत होता, तह होता, छापलेला, सगळ्या शहरानं वाचलेला. ती त्या ओळींकडं बघत राहिली आणि त्यांच्या मागं कुठंतरी एक माणूस अनवाणी चालत होता, आणि वहाणा कुठं राहिल्या याचं उत्तर त्याला द्यायचं होतं… झऱ्याकाठी? कुणाला दिल्या? उद्याची सकाळ होतीच. पण आता ती घाईनं शोधत नव्हती. ती थांबली होती, अश्मक आधी काय बोलतो ते ऐकायला.