किरकोळ जखम

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत आकडेबाई बसायच्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच राहिलं. डॉक्टर केसपेपरवर जे लिहितील त्या आजाराला, त्या जखमेला ठरलेला कोड द्यायचा, हे त्यांचं काम. त्या कोडवर औषधं सुटायची. नियम एकच होता, कागदावर नाही ते घडलंच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं त्या नव्या मुलींना बजावायच्या आणि वर हसायच्या. त्या दिवशी मात्र हीच म्हण त्यांच्यावर उलटली.

दुपारी तीनला सफाईच्या मावशी फरशी पुसायला आल्या. फडकं डाव्या हातात होतं आणि उजव्या अंगठ्याला पट्टी.

"काय मावशी, आज डावखुऱ्या झालात?"

"सुई टोचली हो ताई, सकाळी. कचऱ्याची पिशवी उचलली आणि आतून घुसली. चांगली खोल गेली."

"कुठली पिशवी?"

"बारा नंबरच्या खाटेजवळची. तो पिवळा पडलेला माणूस आहे ना, त्याच्याजवळची."

आकडेबाईंचे हात कीबोर्डवरच थांबले. बारा नंबरची फाइल कालच त्यांच्या हातून गेली होती. हेपॅटायटिस बी. रक्तातून पसरणारी कावीळ, यकृताची वाट लावणारी.

"डॉक्टरांना सांगितलंत का?"

"सांगितलं की. म्हणाले, किरकोळ आहे, पट्टी बांधून घ्या. उगाच बोभाटा केलात तर कंत्राटदार काढून टाकेल म्हणाले." मावशींनी आवाज खाली आणला. "ताई, लेकीचं बाळ चार महिन्यांचं आहे. त्याला अंघोळ मीच घालते. घालू ना?"

 आकडेबाईंनी मावशींची फाइल उघडली. 'अंगठ्याला किरकोळ जखम. मलमपट्टी केली.' सुईचा उल्लेख नाही, बारा नंबरचा नाही. खाली किरकोळ जखमेचा कोड होता आणि फाइल सकाळी अकराला बंद झाली होती. बंद करणाऱ्याच्या जागी त्यांचंच नाव होतं. सकाळपासून चाळीस फायली हातावेगळ्या केल्याचा त्यांना केवढा अभिमान होता! त्या चाळिसांत ही एक होती आणि त्यांनी नावसुद्धा वाचलं नव्हतं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्यातली निम्मी स्वतःवरच होती.

काविळीच्या रुग्णाशी संपर्क आला, एवढ्यासाठी वेगळा कोड होता. तो पडला की औषधालयातून संरक्षणाचं इंजेक्शन आणि लशीचा पहिला डोस सुटायचा. इंजेक्शन चोवीस तासांच्या आत मिळालेलं बरं, आणि त्यातले सात गेले होते. पक्क्या नोकरांना लस रुजू होतानाच मिळायची, कंत्राटी माणसांना नाही. जणू कावीळ नेमणूकपत्र बघूनच अंगात शिरते. आकडेबाईंनी आपल्या मनाने कोड टाकला असता, तर औषधवाल्याने केसपेपर मागितला असता आणि तो कोरडा ठणठणीत होता. त्यांनी शंकेच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक काखेत मारलं. लिहिलेलं अपुरं वाटलं तर डॉक्टरांना लेखी विचारायचं, त्यांनी स्वतःच्या हाताने उत्तर लिहून सही आणि वेळ टाकायची, अशी ती चिठ्ठी.

डॉक्टर चहा पीत होते.

"बाई, तिला कावीळ झालीय का? नाही ना? मग कोड कसला मागताय?"

"झाली नाही म्हणूनच मागतेय. झाली तर त्याचा कोड वेगळा आहे. तोही मलाच टाकावा लागेल."

"सुईच होती कशावरून?"

"बारा नंबरचं रक्त सकाळी तुम्ही काढलंत. सुई सुयांच्या डब्यात टाकलीत की कचऱ्याच्या पिशवीत?"

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही कारकून आहात, हे विसरू नका."

"विसरले नाही, डॉक्टर. म्हणून तर लिहून घ्यायला आलेय." त्यांनी चिठ्ठी कपाशेजारी ठेवली. "सुई टोचली का? कोणत्या रुग्णाची? नसेल टोचली तर 'नाही' लिहा. खाली सही करा, वेळ टाका. सहा महिन्यांनी तिचं रक्त तपासतील, तेव्हाही हा कागद फायलीत असेल."

तोंडाने नाही म्हणायला काहीच लागत नाही. हाताने लिहायचं म्हटल्यावर पेन बराच वेळ हवेत राहिलं. मग डॉक्टरांनी लिहिलं, 'सुई टोचली. खाट क्रमांक बारा.' सही इतकी गिचमिड केली की आकडेबाईंनी ती पुन्हा करून घेतली.

साडेचारला मावशींना इंजेक्शन मिळालं. बाळाच्या अंघोळीचं त्यांनी नर्सला विचारलं. जखम नीट झाकून घाला, काही होत नाही, असं नर्स म्हणाली तेव्हा मावशी दिवसभरात पहिल्यांदा रडल्या.

गोष्ट इथं संपली असती तर आकडेबाईंचा राग निवला असता. पण दुसऱ्या दिवशी वरून अपघाताचा अहवाल आला. 'कारण: सफाई कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. कामावरून कमी करावे. अपघाताची फाइल बंद करावी.' चोर सोडून संन्याशाला फाशी. काम गेलं असतं तर दुसरा आणि तिसरा डोसही गेला असता.

आकडेबाईंनी अहवाल दोनदा वाचला. शंका बाकी असलेली फाइल बंद करता येत नाही, आणि फाइल बंद झाल्याशिवाय कंत्राटदाराला माणूस काढता येत नाही. हेही नियमातच होतं. त्यांनी चिठ्ठी लिहिली, 'पिशवीत सुई कोणी टाकली?' आणि वर पाठवली.

संध्याकाळी ती कोरी परत आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पाठवली. वरून निरोप आला की बाईंना डोकं नाही. त्यावर त्यांनी तिसरी पाठवली.

आज तेविसावी गेली. मावशी उजव्या हाताने फरशी पुसताहेत. तिसरा डोस सहाव्या महिन्यात आहे. चिठ्ठ्यांचं पुस्तक शंभर पानी असतं आणि आकडेबाईंच्या कपाटात अशी चार पुस्तकं पडून आहेत.