सात वाजताची ओळ

बाबांचा एक नियम होता: ज्याचं वर्णन लिहिलेलं नाही, ते पुढच्या आवृत्तीत जाणार नाही. त्यांनी आणि काकांनी वीस वर्षं एक लायब्ररी सांभाळली. पुस्तकांची नव्हे, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी उचलून आपापल्या कामात वापरायच्या तयार फंक्शनांची, म्हणजे एकेक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांची. कुणी नवं फंक्शन आणलं की बाबा आधी विचारायचे, "कसं वापरायचं ते लिहिलंस का?" लिहिलेलं नसेल तर आल्या पावली परत.

आणि ते गेल्यावर दीड महिन्याने काकांनी मला कचेरीत बोलावून सांगितलं, की खुद्द बाबांच्या पाच फंक्शनांचं वर्णन कुठेच नाही.

"पाचही लॉगिंगची," काका म्हणाले. "प्रोग्रॅम चालताना काय घडतंय त्याच्या ओळी फाइलीत लिहीत जाणारी. वर्षानुवर्षं सगळे वापरतायत, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. जगाचे कान पिळले आणि स्वतःची पाटी कोरी!"

"मग आता?"

"महिनाअखेरीला नवी आवृत्ती. नियम त्याचाच आहे, मी मोडणार नाही. तू पुस्तकांची प्रुफं तपासतेस, वाक्य कळतं तुला. कोड मी समजावतो."

काका म्हणजे बाबांचे मित्र. इतरांनी लिहिलेल्या ओळी उडवण्याबद्दल त्यांची ख्याती; बाबा त्यांना 'कात्री' म्हणायचे, तोंडावरसुद्धा.

मी बाबांच्या टेबलाशी बसू लागले. खुर्चीचा डावा हात त्यांच्या कोपराने झिजून गुळगुळीत झाला होता. ड्रॉवरमध्ये चष्मा पुसायचं फडकं होतं, चार घड्या घातलेलं. ते मी तसंच ठेवलं.

चार फंक्शनं सोपी निघाली. एक बारीकसारीक तपशील लिहिणारं, एक नेहमीच्या घडामोडी, एक इशारे आणि एक चुका. दोन दुपारी पुरल्या. काकांनी माझी निम्मी विशेषणं काढून टाकली. "'अत्यंत गंभीर' कशाला? गंभीर म्हण. हे वाचणाऱ्याचं आधीच काहीतरी बिघडलेलं असतं. त्याला घाम फुटलाय, आणि तू अलंकार घालून उभी!"

पाचवं अडलं. त्याचं नाव 'आहे'. ते रोज ठरलेल्या वेळी फाइलीत एकच ओळ लिहायचं: तारीख, वेळ आणि 'आहे'. बस्स.

"हे जाऊ दे," काका म्हणाले. "काही घडलंच नाही तर ओळ कशाला? नुसती भर. दहा वेळा सांगितलं त्याला, काढ म्हणून. हसायचा आणि विषय बदलायचा."

मला मात्र वाटलं, की मी ओळखलं. बाबा एकटे राहायचे. रोज संध्याकाळी सात वाजता त्यांचा फोन यायचा.

"काही विशेष नाही," ते म्हणायचे.

"मग फोन कशाला केलात, बाबा?"

"सहज. बरं, ठेवतो."

जेमतेम अर्धं मिनिट. आई गेल्यापासून त्यांना करमत नाही म्हणून फोन करतात, अशी मी समजूत करून घेतली होती. आणि तीच सवय त्यांनी कोडमध्ये उतरवली असणार. मी तसंच लिहिलं, अर्धं पान, जीव ओतून.

काकांनी ते दोनदा वाचलं. पेन उचललं नाही, तेव्हाच मला कळलं.

"अगं, हा मृत्युलेख झाला," ते हळू आवाजात म्हणाले. "दूर कुठेतरी एक बाई कारखान्यातल्या यंत्रासाठी हे वाचणार. हे कधी वापरायचं, का वापरायचं, ते यात कुठंय? शुक्रवारपर्यंत सापडलं तर राहील. नाहीतर काढावं लागेल मला."

त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं. बाबांचा आवाज मी कुठे साठवून ठेवला नव्हता. रोज एक ओळ लिहिणारं हे एवढंसं फंक्शन उरलं होतं, आणि तेही जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांना विचारलं, की हे फंक्शन कधी आलं ते कळेल का. त्यांनी बदलांची यादी उघडून दिली. प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याने एक टीप लिहायची असते. बाबांच्या टिपा तीन-चार शब्दांच्या. 'आहे' आणलं त्या दिवशीची मात्र लांब होती:

"लसींचं शीतगृह. फाइलीला जागा उरली नव्हती, म्हणून नोंदी लिहिणंच थांबलं. तीन दिवस एकही चूक दिसली नाही. आम्हाला वाटलं, सगळं ठीक आहे; आत थंडावा केव्हाच बंद पडला होता. सगळा साठा फेकावा लागला. शांततेचा अर्थ मी चुकीचा लावला."

काका माझ्या खांद्यावरून वाचत होते. ते खुर्ची ओढून बसले.

"तेव्हा माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं," ते म्हणाले. "तीन महिने आडवा होतो. रोज भेटायला यायचा. गप्पा मारायचा, उश्या नीट करायचा. यातलं अक्षर बोलला नाही गं."

मी तारीख पाहत होते. आई त्याच्या दोन वर्षं आधी गेली होती. मी नव्या घरी राहायला गेले तो हाच महिना. सामान अजून खोक्यांत होतं, एका खोक्यावर बसूनच मी त्यांचा तो पहिला सात वाजताचा फोन घेतला होता. म्हणजे मी उलटं धरून बसले होते. फोनवरून त्यांना फंक्शन सुचलं नव्हतं. शीतगृहाने जे शिकवलं, ते त्यांनी आधी कोडमध्ये लिहिलं, मग घरी आणलं.

फक्त मला सांगितलं नाही.

"काका, त्या दिवशी सात वाजता फोन आला नाही," मी म्हणाले. हे मी अजून कुणाशी बोलले नव्हते. "मला बरंच वाटलं. प्रुफं संपवायची होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले."

काकांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा घातलं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दुपारीच गेले म्हणाले. झोपेत."

"मग सातला जाऊन काय करणार होतीस?"

"काही नाही. पण गेले असते."

"हो," ते म्हणाले. "गेली असतीस. कशी वाचायची ती ओळ, हे त्याने लिहायला हवं होतं. चूक त्याची. इतकी वर्षं इतरांचं लिखाण परत पाठवलं, हे मी परत पाठवलं असतं त्याला."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. त्यांनी ड्रॉवरमधलं बाबांचं फडकं काढून पुढे केलं. मी त्याची घडी मोडली.

शुक्रवारी मी चार वाक्यं दिली:

"आहे: रोज ठरलेल्या वेळी एक ओळ लिहितं. कुणी पाहत नसताना चालणाऱ्या यंत्रांसाठी वापरावं. ओळ दिसली तर काही करायला नको. दिसली नाही, तर कृपया कारण शोधत न बसता आधी जाऊन बघा."

काकांनी वाचलं, पेन उघडलं आणि 'कृपया' खोडलं. बाकी काही नाही. पान नव्या आवृत्तीच्या गठ्ठ्यात ठेवलं आणि त्यावर तळहात टेकला.

निघताना मी विचारलं, "तुम्हाला कोण फोन करतं, काका?"

"मला? मला कशाला कोण करेल? कचेरीत असतोच की मी दिवसभर."

रविवारी कचेरी बंद असते. संध्याकाळी सात वाजता मी त्यांना फोन लावला.

"काय गं? काय झालं?" त्यांचा आवाज घाबरला होता.

"काही विशेष नाही."

"मग फोन कशाला केलास?"

त्यांच्याकडे कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

"बरं," काका म्हणाले. "उद्या मी करीन. आणि हे बघ, 'विशेष' हा शब्द जास्तीचा आहे. काही नाही, एवढंच म्हणत जा."