गालात अडकलेलं खोडरबर

दातांची डॉक्टर असलेल्या मावशीनं भाचीची वरची दाढ काढली, तेव्हा ती इतकी किडलेली होती की तुकडे करूनच काढावी लागली. आठवड्याभरानं भाचीचा फोन आला. "मावशी, पाणी प्यायलं की नाकातून येतं गं."

खुर्चीत पेशंट आ वासून बसला होता. "मग हावरटासारखं पिऊ नकोस," म्हणून मावशी हसली आणि तिनं फोन ठेवला.

पोरीनं तो विषय पुन्हा काढला नाही. काही दिवसांनी मात्र तिच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड यायला लागला. वर्गातली शेजारीण उठून दुसऱ्या बाकावर गेली. दात नीट घासत नाही म्हणून आई रोज मोरीपाशी पहाऱ्याला उभी राहू लागली. सर्दीची औषधं झाली, वाफारे झाले, पण गुण येईना. शेवटी आई तिला बहिणीच्या दवाखान्यात घेऊन आली.

मावशीनं तोंडात आरसा घातला. दाढेच्या जागी बारीक भोक होतं, थेट गालाच्या हाडातल्या, नाकाशी जोडलेल्या पोकळीत, सायनसमध्ये उघडणारं. स्कॅनमध्ये त्या पोकळीत काहीतरी अडकलेलं दिसत होतं.

तिनं बहिणीला बाहेर बसायला सांगितलं. "काय घातलंस गं आत?"

"खोडरबर." पोरगी रडायलाच लागली. "डब्याच्या सुट्टीत नाकातून पाणी आलं की सगळ्या हसायच्या. म्हणून तुकडा तोडून बूच लावलं. ते वर गेलं, निघेचना."

"अगं, मला नाही का सांगायचं?"

"सांगितलं होतं की."

बाहेर आल्यावर मावशीनं बहिणीला खोडरबराचं सांगितलं. बहीण कपाळावर हात मारून म्हणाली, "काय कार्टी आहे! घोडी झाली तरी अक्कल नाही."

तिथंच गप्प बसता आलं असतं. "तिला बोलू नकोस," मावशी म्हणाली. "भोक माझ्या हातून पडलंय. तिनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी हसण्यावारी नेलं."

बहीण म्हणाली, "परका डॉक्टर असता तर घसा फोडून भांडले असते. तुझ्याशी काय भांडू?"

ऑपरेशन मोठ्या हॉस्पिटलात, भूल देऊन झालं. जबड्याच्या सर्जननं मावशीला आत येऊ दिलं, पण हात लावू दिला नाही. त्यानं भोक जरा मोठं केलं, पोकळी सलाईननं धुतली आणि चिमट्यानं काळा पडलेला, फुगलेला तुकडा बाहेर ओढला. उभा जन्म लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेला, तरी त्या वासानं मावशीनं मान फिरवली. मग सर्जननं हिरडी ओढून भोकावर टाके घातले.

जखम भरली, वास गेला. पोरगी पुन्हा मैत्रिणींत डबा खायला लागली.

तिच्या दुसऱ्या दाढेत सिमेंट भरायचं होतं. ते बहिणीनं भलत्याच डॉक्टरकडून भरून घेतलं. मावशीला ते मागाहून कळलं. बहीण अजूनही येते, पाय पसरून गप्पा मारते. लेकीला मात्र दवाखान्याच्या पायऱ्या चढू देत नाही.